बारकूनानांचं शेवटचं प्यादं

११ जानेवारी

…भाकऱ्या झाल्या तसा मी तवा उतरवला, दुधावरची साय काढली आणि वालाच्या शेंगा सोलायला घेतल्या. हंडे भरून झाले होते. गोठ्यातलं शेण उचललं होतं. बारकूनाना त्या दिवशी लवकर आले होते. हे आणि ते ओसरीवर पट मांडून बसले होते. दोनदा चहा दिला. दुसऱ्यात साखर कमी पडली, पण कुणी बोललं नाही. मग नाना जेवायला म्हणून घरी गेले. हे तिथंच, पटाकडे बघत, तासभर तरी. मी जेवायला हाक मारली तर म्हणाले, थांब. मग गावाला पाणी सोडायची वेळ झाली. टाकीचा व्हॉल्व्ह यांच्याकडे होता. चपला घातल्या आणि म्हणाले, पटाला हात लावू नको, चाल माझी आहे, आलोच.

शेंगा अर्ध्या सोलून झाल्या होत्या तेव्हा माणसं सांगायला आली. टाकीच्या पायरीवर बसल्या जागी गेले होते.

पुढच्या महिन्यात वर्ष होईल. हे मी आठवण म्हणून लिहीत नाही. आठवणी काढत बसणाऱ्यांतली मी नाही. पट अजून ओसरीवर आहे, वर फडकं टाकून, आणि चाल अजून यांचीच आहे, म्हणून लिहून ठेवते.

संकल्प: वर्षश्राद्धाच्या आत हा डाव यांच्या वतीनं मी खेळणार. आणि जिंकणार.

१२ जानेवारी

बुद्धिबळ मला येत नाही असं म्हणता येणार नाही. पस्तीस वर्षं खेळणाऱ्यांना चहा दिला आहे. राहिले ते फक्त नियम.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं वाचून शिकले. शिवणकाम पुस्तकावरून शिकले. रेडिओ दुरुस्ती पण शिकले होते, रेडिओच फार जुना निघाला. आज कोळवणच्या वाचनालयातून बुद्धिबळाचं पुस्तक आणलं. पंधरा दिवस पुरेत.

१४ जानेवारी

संक्रांत. हळदीकुंकवाचं बोलावणं नाही. नसणारच. बरंच झालं, अख्खी दुपार मोकळी मिळाली. उंट तिरका जातो इथपर्यंत वाचलं.

संध्याकाळी शेजारची कृष्णाबाई मागच्या दारानं तिळगूळ घेऊन आली. पुस्तक बघून म्हणाली, नवरा गेल्यावर बाया देवाला लागत्यात, तू घोड्याला लागलीस व्हय गं? मी सांगितलं, नानांशी राहिलेला डाव मी जिंकणार आहे, लक्षात ठेव. म्हणाली, ठिवते की, आन गावालाबी सांगते.

सांगू दे.

१५ जानेवारी

घोडा अडीच घरं जातो. ते अर्धं घर कुठलं, हे पुस्तकात नीट दिलेलं नाही. लिहिणाऱ्याची चूक.

१७ जानेवारी

नानांकडे गेले. हरभऱ्याला पाणी देत होते. बांधावरूनच म्हटलं, नाना, राहिलेला डाव पुरा करू, यांच्या बाजूनं मी बसते. त्यांनी वर पाहिलं नाही. फावड्यानं माती ओढत म्हणाले, ऱ्हाऊ द्या की वैनी. हाय तसा ऱ्हाऊ द्या. कुणाचं काय जातंय.

मी म्हटलं, घाबरलात?

म्हणाले, व्हय. घाबारलो.

झालं. स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. म्हणजे हे जिंकत होते. मला ते पहिल्यापासून माहीत होतं, फक्त कुणाला सांगितलं नव्हतं.

१८ जानेवारी

सुट्टी म्हणून सोनल आणि जावई मारुंजीहून आले. हिंजवडीच्या चौकात अडकले होते, सोनल आली ती चिडूनच. पटावरचं फडकं बघितलं आणि म्हणाली, आई, वर्षश्राद्धाची पंगत ओसरीवर बसायची आहे. हे आता पेटीत भर. मी म्हटलं, डाव संपल्यावर. ती म्हणाली, आई, प्लीज. आणि तोंड फिरवून आत गेली. नोकरीत फार वेळ कॉम्प्युटर बघावा लागतो, त्यानं मुलींचे डोळे लाल होतात.

शैलेशराव मात्र समजूतदार. माझ्या फोनवर एक चॅनेल लावून दिलं. युरोपात कुठेतरी समुद्रकाठी जगातल्या मोठमोठ्या ग्रँडमास्टरांची स्पर्धा चालू आहे. रोज एक डाव. दोन मराठी पोरं तो समजावून सांगतात. आपला पण एक आहे, निषाद. शैलेशराव म्हणाले, आई, यांच्यापेक्षा भारी कुणी नाही. मी म्हटलं, मग बरोबर आहे. शिकायचं तर वरच्याकडूनच. बारकूनाना तर तालुक्याच्या बाहेर कधी खेळलेले नाहीत.

२० जानेवारी

घरात रेंज नाही. टाकीच्या पायरीवर येते. पोरं तिथंच बसलेली असतात. वर्षभर मी तिकडून जायचं टाळलं, कारण त्या बाजूला काही काम नसतं. आता काम आहे. तिसऱ्या पायरीवर सगळ्यात स्वच्छ दिसतं. पायरी दगडी आहे, संध्याकाळी गार पडते. बाकी काही नाही.

निषाद कपाळाला हात लावून बसतो. मोहऱ्यापर्यंत हात नेतो आणि मागे घेतो. हे अगदी असंच करायचे. आजचा डाव ड्रॉ.

२२ जानेवारी

फोनवरच खेळायची सोय आहे. सगळ्यात खालची पातळी घेतली. 'नवशिक्या' असं नाव. सकाळी हरले. दुपारी हरले. भांडी घासून परत बसले आणि हरले. बोटं जाड, घरं बारीक. शिवाय फोनला माझ्या चाली आधीच कळतात, कारण त्या मी त्याच्यावरच करते.

संकल्प: यंत्राशी खेळायचं नाही. माणसाशी खेळायचं.

२३ जानेवारी

माणूस मिळाला नाही म्हणून कृष्णाबाईला शिकवायला घेतलं. सांगितलं की राजाला मात झाली की डाव संपतो. तिनं राजा हातात धरून उलटासुलटा केला आणि विचारलं, आन ह्यो मेल्यावर ह्याच्या बायकूनं काय करायचं?

डाव तिथंच थांबवला. तिची बुद्धी या खेळाची नाही.

२६ जानेवारी

निषाद हरला. घोडा गेला आणि मग सगळंच गेलं. शाळेतून ध्वजवंदनाची जिलेबी आली होती, ती तशीच राहिली. भात केला होता, तो कुत्र्याला घातला. सांगणारी पोरं म्हणाली, मंडळी, अजून राउंड आहेत, निषाद परत येईल. मला ते बोलणं आवडलं नाही. लोक काहीही सांगतात.

झोप लागत नाही. गेलं वर्षभरच लागत नाही. ते निषादच्या काळजीनंच असावं.

२९ जानेवारी

निषाद लागोपाठ जिंकला. आता स्वीडनचा हॉल्मबर्ग आणि तो सारख्या गुणांवर आहेत. मधे दोन दिवस सुट्टी, मग शेवटच्या राउंडला दोघांची एकमेकांशीच गाठ. जो जिंकेल त्याची स्पर्धा. मी जेवले.

आज फडकं काढून आमचा पट नीट पाहिला. हात लावला नाही, नुसता पाहिला. लाल सोंगट्या यांच्या, हिरव्या नानांच्या. बहुतेक सगळ्या मरून बाजूला पडल्यात. यांचा राजा आहे, एक हत्ती आहे, एक प्यादं आहे. नानांचा राजा आणि एक प्यादं. एवढंच.

आणि यांच्या हत्तीला नानांचं ते प्यादं सरळ खाता येतं! मधे काहीही नाही. पुस्तकात तिसऱ्या पानावर दिलंय, हत्ती सरळ जातो. खाल्लं की नानांजवळ नुसता राजा. मग काय उरलं?

एवढी सोपी चाल होती तर हे तासभर काय बघत होते, हे मात्र कळत नाही. डोळ्यांचा नंबर वाढला होता. मी चष्मा बदलायला सांगत होते. मी त्यांना दोष देत नाही, वय झालं होतं. पण जे पस्तीस वर्षं खेळणाऱ्याला दिसलं नाही ते मला पंधरा दिवसांत दिसलं, हे लिहून ठेवायला हरकत नाही.

तरी एकदा निषाद काय करतो ते बघून घ्यावं.

१ फेब्रुवारी

आत्ताच टाकीवरून आले. हात गार पडलेत, तरी लिहिते.

शेवटचा राउंड लवकर होता, ऊन असतानाच सुरू झाला. पोरं क्रिकेट टाकून माझ्या दोन्ही बाजूंना बसली. त्यांना कळत काही नव्हतं. मी समजावून सांगत होते. निषादनं पहिल्यांदा शांत डाव मांडला. हॉल्मबर्ग बर्फासारखा बसलेला. ह्याचा उंट गेला, त्याचा घोडा गेला, दोघांचे वजीर एकदमच गेले. सांगणारी पोरं म्हणाली की हा आता ड्रॉ होणार, दोघांनाही पहिला नंबर वाटून देतील. वाटून? मग सगळा खटाटोप कशासाठी?

निषादनं ऐकलं नाही. एक प्यादं धरून पुढे नेत राहिला, एकेक घर. ते शेवटच्या घरात पोचून वजीर होणार असं दिसलं तेव्हा हॉल्मबर्गला आपला हत्ती देऊन ते मारावं लागलं. तोवर अंधार पडला. पोरं एकेक करून घरी गेली. मी एकटी राहिले.

आणि मग मी जे पाहिलं ते कुणाला सांगून पटायचं नाही. निषादजवळ राजा, हत्ती आणि एक प्यादं. हॉल्मबर्गजवळ राजा आणि एक प्यादं. आमचाच पट! जागा थोड्या वेगळ्या, पण तेच. हॉल्मबर्गचं प्यादं पळत सुटलेलं. निषाद कपाळाला हात लावून बसला. हात पुढे नेला, मागे घेतला. मी मोठ्यानं म्हटलं, खा. खा ते. टाकीवर कुणी नव्हतं.

त्यानं हत्तीनं ते प्यादं खाल्लं.

हॉल्मबर्ग बघत राहिला. मग घड्याळ थांबवलं आणि हात पुढे केला. निषादनं तो हातात घेतला. सांगणारी पोरं ओरडत होती की शेवटचं प्यादं गेलं, आता लढायला काही उरलं नाही. हॉल्मबर्ग उठून कोट घालून निघून गेला. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

जगातल्या सगळ्यात मोठ्या माणसानं तीच चाल केली. आता शंका नाही.

२ फेब्रुवारी

नानांना गाठलं. दूध घालायला डेअरीवर आले होते, चार माणसं होती, तिथंच म्हटलं. म्हटलं, नाना, तुमचा डाव एका चालीचा आहे. निषादनं काल करून दाखवली. उद्या येता की सगळ्या गावाला सांगू की बारकूनाना पळाले?

कुणीतरी हसलं. नाना कॅन खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. फार थकल्यासारखे दिसले. मग म्हणाले, येतो वैनी. वर्षश्राद्धाच्या आदी सपवून टाकू.

हरणाऱ्या माणसाचा चेहरा असाच असतो. हॉल्मबर्गचा असाच होता.

घरी येऊन ठरवलं: नाना हात पुढे करतील तेव्हा हसायचं नाही. मोठ्या माणसांसारखं वागायचं. चहाला पुरेशी साखर घालायची. पंगतीत कुणी विचारलं तर एवढंच सांगायचं, की हे जिंकले.

३ फेब्रुवारी

नाना सकाळीच आले. टोपी काढून मांडीवर ठेवली. मी यांच्या पाटावर बसले. त्यावर मी कधी बसले नव्हते. फडकं काढलं. नाना पटावर वाकून म्हणाले, तसाच ठिवलाय की वैनी. जरासुदिक हालला न्हाई.

म्हटलं, चाल यांची आहे. करते.

हत्ती उचलला. हिरवं प्यादं उचलून बाजूला ठेवलं, तिथं हत्ती ठेवला. आणि हात पुढे केला.

नानांनी हात धरला नाही. हाताकडे बघितलं, पटाकडे बघितलं. म्हणाले, वैनी, हे काय क्येलं?

मी म्हटलं, शेवटचं प्यादं खाल्लं. निषादनं तेच खाल्लं.

म्हणाले, आवं त्यो फोनवरला खेळ. आमी देशी बुद्धिबळ खेळतो. ही बुर्जी झाली.

बुर्जी हा शब्द मी पस्तीस वर्षं ओसरीवरून ऐकत होते. काय असतं ते विचारावंसं कधी वाटलं नाही. माझ्या पुस्तकात तो नाही. नानांनी सांगितलं, समोरच्याचं सगळं मारून नुसता राजा उरला की बुर्जी. डाव तिथंच सपला, बरोबरी. एकल्या राजाला मात करत न्हाईत. मात करायची तर त्याच्याजवळ एक तरी शिपाई जित्ता ठिवावा लागतो. त्येच तर आवघाड असतंय.

त्यांनी आपणच सोंगट्या हातात न घेता, नुसत्या बोटानं दाखवलं. जनाभाऊनं हत्ती हितं मागं घेतला असता. माझं प्यादं एक घर फुडं आलं असतं. मग त्येंचा राजा हितं. मग हत्ती परत खाली. चार चालींत मला मात व्हती. प्यादं जित्तं असताना.

मी विचारलं, हे यांना दिसलं होतं?

म्हणाले, दिसलं म्हंजी काय. त्येंच्या तोंडावर दिसत व्हतं. मलाबी दिसलं, म्हणून तर जेवायचं निमित करून उठलो. घटकाभर तरी हराया नको म्हणून.

मग यांच्या डोळ्यांना काही झालं नव्हतं. त्या तासात ते चाल शोधत नव्हते. चाल सापडली होती. नाना जेवून येईपर्यंत ती पुन्हापुन्हा बघत बसले होते. खूष होते. मी हाक मारली तेव्हा थांब म्हणाले ते त्यासाठी.

मी म्हटलं, प्यादं परत ठेवू का? नाना म्हणाले, ठिवा. मी न्हाई म्हनायचो न्हाई. मी उचललं. पण हे कुणालाच चाल परत घेऊ देत नसत, स्वतःलाही नाही. एकदा सोंगटीला हात लागला की संपलं. परत खाली ठेवलं, बाजूला, मेलेल्यांत.

मग विचारलं, नाना, तुम्ही हरणारच होता तर वर्षभर आला का नाहीत? निदान यांचा डाव तरी पुरा झाला असता.

म्हणाले, हराया मी कवाबी आलो असतो वैनी. पन डाव आर्धा व्हता तवर मला वाटायचं, माझी पाळी यायची हाय अजून. बोलावतील. सकाळी हितनं जाताना एकदा तरी मान वळायची. आता काय वळायची न्हाई.

चहा केला. साखर घातली का ते आठवत नाही. जाताना दारात टोपी घालून म्हणाले, लोकांला सांगू, जनाभाऊ जिंकला. कुनाला काय कळतंय. तुमी आन मी, दोगंच हाय की.

मी बरं म्हटलं. त्यांनी दिलं, मी घेतलं.

सोंगट्या पेटीत भरल्या. वेळ लागला नाही.

५ फेब्रुवारी

काल वर्षश्राद्ध झालं. पहाटे उठून डाळ वाटली, वडे केले, खीर केली. सोनल आणि शैलेशराव वेळेवर पोचले. भटजी उशिरा आले. ओसरीवर पंगत बसली, नाना पण बसले. मी वाढत होते तेव्हा कृष्णाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, काय गं शारदे, डावाचं काय झालं तुझ्या? नाना पानातून मान वर न काढता म्हणाले, जनाभाऊ जिंकला. लोक म्हणाले, वा वा. सोनलनं माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, नाही. ते जिंकत होते. माझ्या हातून बुर्जी झाली.

मग पुढच्या पानावर भात वाढला.